उलटं वाचलेलं प्रूफ

शेवटचा कागद मशीनमधून बाहेर पडला, तेव्हा छापखानेवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला. दहा हजार प्रती, त्याही दुपारच्या आत. स्वारी भलतीच खुशीत होती.

खुशीत असायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी छापलेल्या शाळेच्या पुस्तकांचं बिल सरकारकडे अडकलं होतं. ते या महिन्यात मिळालं नाही, तर बँक मशीन उचलून नेणार होती. खेटे घालून घालून चपला झिजल्या होत्या. आणि आज सकाळी खुद्द सरकारी कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. "हा आदेश तातडीनं छापून द्या," साहेब म्हणाले, "तुमच्या त्या बिलाचाही निकाल लागलाय." कागदवाल्यानं उधारी केव्हाच बंद केली होती. यानं घरखर्चाचे उरलेसुरले पैसे मोजून कागद आणला.

बायको गठ्ठे बांधत होती. चौथ्या गठ्ठ्याला सुतळी आवळताना तिचा हात थांबला.

"अहो, हे वाचलंत का तुम्ही?"

"दोनदा वाचलं. काना-मात्रेची चूक सापडली तर नाव बदलून टाकीन."

त्याचं वाचणं मात्र जगावेगळं. अर्थ डोक्यात शिरला की चूक नजरेतून निसटते, म्हणून तो प्रूफ शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायचा. मेहुण्याच्या दुकानाच्या लिलावाची जाहिरात त्यानं अशीच बिनचूक छापली होती, आणि संध्याकाळी मेहुण्यालाच विचारलं होतं, "काय, धंदा कसा चाललाय?"

बायको मोठ्यानं वाचू लागली. "देशावरील कर्जाचे व्याज आधी चुकते करणे भाग असल्याने, लहान पुरवठादारांची सर्व थकीत बिले पंधरा वर्षांसाठी स्थगित करण्यात येत आहेत."

"अरेरे," तो म्हणाला. "हाल होणार बिचाऱ्या पुरवठादारांचे."

"अहो, पुरवठादार म्हणजे आपण."

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. देशाचं कर्ज ही पेपरात वाचून चहाबरोबर चघळायची गोष्ट, असंच तो समजत आला होता. ते चालत आपल्या मशीनपाशी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पंधरा वर्षांनी तो शहात्तरचा होणार होता. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज. आपण काय छापतोय ते आपल्यालाच कळू नये?

"घाबरू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "आजच्या छपाईचं बिल तरी हातात पडेल. एक हप्ता भरू, बँकेला तेवढ्यावर थोपवू."

बायकोनं कागद त्याच्या हातात दिला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं ती ओळ सावकाश, अर्थ लावत वाचली.

'प्रस्तुत आदेशाच्या छपाईचे बिलही वरील स्थगितीत धरले जाईल.'