नुसती मशीन

“पण ही टिकन का?” सूर्यभानने पाचव्यांदा विचारलं.

काउंटरवर तीन कंपन्यांच्या बिनवायरच्या ड्रिल मशीन मांडल्या होत्या. सूर्यभान एक उचलायचा, खटका दाबायचा, घुर्रकन फिरवून ठेवून द्यायचा. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. बार्शीटाकळीहून सकाळीच अकोल्याला आलेला माणूस, साडेबारा झाले तरी त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

घरी न्हाणीघराचं दार बिजागरीतून निखळून पंधरा दिवस झाले होते. जुनी साडी बांधून आंघोळी चालल्या होत्या. बायकोने, कौशल्याने, निघताना ठणकावलं होतं, “एक तं मशीन आना, नाई तं मोठ्या भाऊजींले आवाज द्या. भिंतीपलीकडंच तं रायतात!”

आवाज द्या म्हणे! तीन वर्षांपूर्वी थोरल्या भावाची, महादेवरावांची, वायरची ड्रिल सूर्यभानच्या हातून जळली. जळली तर जळली. पण सूर्यभानच्या पोरीच्या, प्राजक्ताच्या साखरपुड्यात, तिच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर, महादेवराव बोलून गेले, “सूर्यभानच्या हाती वस्तू टिकत नाई.” त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. राग होताच. पण संध्याकाळी पलीकडून महादेवरावांचा खोकला ऐकू आला की सूर्यभानचा जीव कासावीस व्हायचा, हेही खरं.

“काका, टिकतात हो सगळ्या,” दुकानदार श्याम कंटाळून म्हणाला. “तुमी आधी कंपनी ठरवा. एकदा धरली की बॅटरी तिचीच लागते. उद्या ग्राइंडर घ्या, करवत घ्या, तीच बॅटरी सगळ्याले चालते. दुसऱ्या कंपनीची बसतच नाई.”

“मंग चांगली कोनती?”

“ही मधली. तुमच्या महादेवरावांनी दिवाळीत हीच नेली.”

सूर्यभानने हातातली मशीन चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

“मंग ही नको.”

तो कडेच्या मशीनकडे वळला. तिचा खोका उघडला, बंद केला. शेवटी राहवलं नाहीच.

“अजून काय काय नेलं त्यानं?”

“दोन बॅटऱ्या. मी म्हटलं, घरच्या कामाले एक बस्स होते. ऐकतच नाईत! दोनच पायजे म्हने. कावून, ते काई सांगितलं नाई.”

सूर्यभान दुकानाबाहेर गेला. रस्त्याच्या कडेला उभा राहिला, उगाच रुमालाने मान पुसत राहिला. बाप वारला तेव्हा महादेवराव सतरा वर्षांचे होते. पहिल्या मजुरीतून त्यांनी चपला घेतल्या, त्या दोन जोड. जत्रेतून शिट्टी आणली, तीही दोन. तेव्हाही कोणी विचारलं तर सांगायचे नाहीत. सूर्यभानला स्वतःचाच भयंकर राग आला.

तो तरातरा आत आला.

“मधली द्या. नुसती मशीन. बॅटरी अन् चार्जर काढून ठेवा.”

श्याम बघतच राहिला. “काका, बॅटरी नाई तं चालवसान कशावर?”

“दोन नेल्या ना दादानं?” सूर्यभान म्हणाला. “मंग एक माहीच हाये.”