स्टॅबिलायझरची सुट्टी

खंडेनवमीला, आयुधपूजेच्या सकाळी कृष्णस्वामींनी मोठ्या हौसेनं टीव्हीचा स्टॅबिलायझर उचलून देवीपुढे ठेवला, लेकीच्या वीणेला लागूनच. त्याला गंध-कुंकूही लावलं. या घरात खरा राबतो तो हाच, टीव्ही नुसता बडबडतो, असं त्यांचं म्हणणं. विजेचा दाब किती का चढेना, हा बिचारा मधे बसून सगळं सोसायचा; दाब दाखवणारा त्याचा काटा चढला की कृष्णस्वामींची नजर आधी तिकडे जायची.

दुपारी जेवताना त्यांना आठवलं आणि घाम फुटला. मद्रासला रेकॉर्ड झालेलं लेकीचं, अखिलाचं पहिलं गाणं आजच पाचला टीव्हीवर लागणार होतं.

ते बायकोला म्हणाले, "भागीरथी, थोडका वेळ उचलतों. गाणं झालं की परत ठेवतों."

"अय्यो! पूजेत बसलेलं आयुध उद्याची पूजा झाल्यावाचून हलवतात का कोठे? आणि बसवलं कोणी? तुम्हीच ना!"

पाचला शेजारीपाजारी सुंडलचे, प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचे द्रोण घेऊन टीव्हीसमोर हजर. आज गावातल्या भातगिरण्या, लेथ, सगळं कुंकू लावून बंद. त्यांच्या वाटणीची वीज घरोघरी चढून बसलेली. खोलीतला बल्ब नुसता डोळे वटारत होता. कृष्णस्वामींना सगळं कळत होतं. पण गाणं चुकलं तर लेकीला तोंड कसं दाखवायचं? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि टीव्हीची पिन थेट भिंतीत खोचली.

पडद्यावर अखिला आली. तिनं नमस्कार केला, तोंड उघडलं, आणि फट्ट! पडदा काळा झाला, टीव्हीमागून धूर निघाला.

कोणी हसलं नाही, हीच मेहेरबानी. कृष्णस्वामी शरमेनं अर्धे झाले. लेकीचं कौतुक त्यांनी आपल्याच हातानं जाळलं होतं.

दाराशी उभ्या अखिलाचे डोळे भरून आले. भागीरथीनं ते पाहिलं.

"अखिला, ये, बस. तूच म्हण."

"अम्मा, आज वीणासुद्धा पूजेत आहे. गायचं कसं?"

"वीणा ठेवली आहे. गळा कोठे ठेवला आहे पूजेत?"

अखिला बसली, गाऊ लागली. आवाज चढत चढत वरच्या षड्जाला भिडला, तशा साऱ्यांच्या माना डोलल्या. कृष्णस्वामींची नजर तेवढी सवयीनं स्टॅबिलायझरकडे गेली.

तो गंध लावून स्वस्थ बसला होता. काटा शून्यावर.