गाडी टॉपला पडेना

गाडी पाण्याच्या टाकीपाशी आली आणि पुन्हा तेच झालं. इंजिन गळा काढून ओरडू लागलं, पण गिअर काही बदलेना. शेवटी बदलला तो असा, की मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का बसला; टॉप गिअर तर पडलाच नाही. पक्कडने क्षणभर स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि गाडी वळवून घरी आणली. वरच्या खिडकीतून बाबांना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांची खाट मुद्दाम तिथेच लावली होती.

पक्कड हे नाव बाबांनीच ठेवलेलं. पाळण्यात असताना याने त्यांची मिशी धरली, की सोडवायला आजूबाजूची माणसं धावत. आता याच्या स्वतःच्या मिशा पिकायला लागल्या, तरी नाव काही सुटलं नाही.

बाबांनी जन्मभर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त केले. ही जुनी, लांबलचक गाडी मात्र त्यांची स्वतःची, हौसेची. ते आजारी पडले आणि उभ्या उभ्या तीही बिघडली. हॉस्पिटलने हात टेकून घरी पाठवलं, त्या दिवशी बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ती टॉपला पडल्याचं कानांनी ऐकल्याशिवाय मी काही जायचा नाही."

नर्स हसली. घरातलं कुणी हसलं नाही. बाबा एकदा बोलले की बोलले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून पक्कड गाडीखालीच असे. जुनं तेल काढून नवीन भरलं. आतली जाळी धुतली. ॲक्सिलरेटरची केबल ताणून पाहिली, सैल करून पाहिली. पहिल्या आठवड्यात एका सकाळी तर गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी टॉपला गेली होती. पक्कड धावत जिना चढून वर आला, तर बाबा इंजेक्शनच्या गुंगीत गाढ झोपलेले. तो बराच वेळ त्यांच्या उशाशी बसून राहिला. दुपारी त्यांना जाग आल्यावर गाडी पुन्हा काढली, तर पुन्हा तोच धक्का.

"दृष्टच लागली म्हणायची," बायको म्हणाली.

शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला राहवेना. फाटकावर कोपर टेकून तो म्हणाला, "अरे, दोन मिनिटं बघू तर दे मला. मी काय गाडी पळवून नेतोय?"

"नको. ही मलाच करायचीय."

"तुझ्या हट्टापायी म्हातारा लटकून राहिलाय."

पक्कडने बॉनेट आपटून बंद केलं आणि आत गेला.

आत बायको त्याचा शर्ट घासत होती. "सगळे शर्ट एकाच जागी काळे! खिशात असं ठेवता तरी काय तुम्ही?"

"गॅरेजच्या चिंध्या असतात गं."

"आणि वर बटण लावून? चिंध्या काय पळून जाणारेत?" मग तिचा हात थांबला. वरून कण्हण्याचा आवाज येत होता. "औषध लागू पडत नाहीये त्यांना. काल चादरीचा बोळा दातात धरला होता, आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. सुटले तर बरं, असं म्हणवत नाही. पण बघवतही नाही हो."

"मला बघवतं का?" तो एकदम ओरडला, आणि लगेच वरमला.

डॉक्टर येऊन गेले. जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "शरीरात काहीच उरलेलं नाही. जीव कशात अडकलाय, कुणास ठाऊक."

पक्कडने मान खाली घातली.

तो वर गेला तेव्हा बाबा जागे होते. चेहरा ओढलेला, पण कान तिखट. रोजची उलटतपासणी सुरू झाली.

"तेल?"

"इंजिन चालू ठेवून, गरम असताना बघितलं. बरोबर आहे."

"वास?"

"जळका नाही."

"केबल?"

"तुम्ही सांगितलीत तशीच."

बाबांनी डोळे मिटून श्वास गोळा केला. "आणि तो रबरी पाइप?"

जेमतेम बोटभर लांबीचा पाइप. इंजिनवर किती भार आहे, हे गिअरबॉक्सला त्यातूनच कळतं. तो निघाला, की गाडी सपाट रस्त्यावरसुद्धा चढ लागल्यासारखी खालचाच गिअर धरून बसते. नव्या पोरांना बाबा सगळ्यात आधी हेच शिकवत.

"तो तर पहिल्या आठवड्यातच बघितला, बाबा."

"हं."

बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग कळ आली. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली, बोटं पांढरी पडली. कळ ओसरेपर्यंत पक्कड त्यांचा दुसरा हात धरून बसला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि हात सोडवत नव्हता.

"नवीन गिअरबॉक्सच शोधतो," तो म्हणाला. "जरा वेळ लागेल. पण मिळेल कुठेतरी."

"जवळ ये."

पक्कड वाकला. बाबांनी आपला हात हळूच सोडवून घेतला. बोटं त्याच्या शर्टाच्या खिशाशी गेली. बटणाशी झटापट करता करता त्यांना धाप लागली, पण त्यांनी त्याला मदत करू दिली नाही. बटण निघालं. तेलाने माखलेला तो बोटभर रबरी पाइप त्यांनी खिशातून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"आज बसव, बाळा," बाबा म्हणाले. "फार दुखतंय रे."