बाबांचा शब्द

उमेदवार आशीर्वादासाठी पलंगापाशी गुडघे टेकून बसला, तेव्हा बाबा अर्धवट झोपेत होते. दुपारच्या उन्हात खिडकीचा पडदा हलत होता आणि त्यांचे डोळे त्या पडद्याबरोबर हलत होते. खोलीत दहा-अकरा माणसं होती, दोन कॅमेरे होते, आणि श्वाससुद्धा जो तो जपून घेत होता.

अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, बाबांचं बोलणं एकट्या नर्सला कळायचं. बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू यायची. म्हणून ती उशाशी उभी होती. काय सांगायचं ते बाबांच्या पुतण्याने तिला सकाळीच पढवून ठेवलं होतं.

"'ह्याच्या हाती राज्य द्या.' एवढंच. बाबा धड असते तर हेच म्हणाले असते." मग दाराशी थांबून तो म्हणाला होता, "मागची खोली तुला आणि तुझ्या आईला कायमची द्यावी म्हणतोय मी." आवाज इतका मऊ, की हे बक्षीस की धमकी, ते तिला कळलं नाही.

बाबांचे ओठ हलले. तिने कान खाली नेला.

"काय म्हणतायत?" पुतण्याने विचारलं.

पढवलेलं वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं. पण बाबांनी तिची करंगळी धरली होती. गर्दीत हरवायला नको म्हणून लहान मूल धरतं तशी.

"म्हणतायत, मला घरी ने."

उमेदवाराने गोंधळून वर पाहिलं. पुतण्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्याने छातीवर हात ठेवून डोळे मिटले.

"ऐकलंत? बाबांना हे राज्य घरी न्यायचंय. धर्माच्या घरी."

उमेदवाराला तेवढं पुरे होतं. "नेऊ, बाबा," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, हे नर्सला दिसलं. कॅमेरे लखलखले.

जाता जाता पुतण्या तिच्यापाशी थांबला. "बरंच बोलता येतं की तुला," तो म्हणाला. "संध्याकाळी बोलू."

मग घरातला सगळा लोंढा सभेच्या मैदानाकडे निघाला. स्वयंपाकी गेला, माळी गेला, फाटकावरचा पहारेकरीही शेवटच्या बसमागे धावत गेला. घर इतकं शांत झालं, की औषधांच्या कपाटातलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"घरी," बाबा पुन्हा म्हणाले.

नोकरी तर संध्याकाळी जाणारच होती. तिने त्यांच्या पायांत मोजे चढवले, पांघरुणासकट त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि ती फाटकाबाहेर पडली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, दोऱ्यांवरचे कपडे स्तब्ध, आणि खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं. बाबा वाट सांगत होते. "डावीकडे. आता जपून, इथं कुत्रं असतं." कुत्रं नव्हतं, तरी तिने खुर्ची जरा कडेने घेतली. भिंतीभिंतीवरच्या पोस्टरांत उमेदवाराच्या शेजारी बाबा होते, तीस वर्षांपूर्वीचे, काळ्याभोर दाढीचे, बोट उगारलेले. परक्या माणसाच्या अंगणातून जावं तसे बाबा त्या चेहऱ्यांसमोरून मान खाली घालून गेले.

तिसऱ्या गल्लीत निळं दार होतं. बाबांचे वडील खळ लावून पुस्तकं बांधायचे, ते ह्याच घरात. गेल्या वर्षी पक्षाने ते विकत घेतलं होतं. दारावर प्रचार कार्यालयाची पाटी होती. आत पोस्टरांचे गठ्ठे रचलेले, आणि एक बाई उकिडवी बसून कागदाचे कपटे झाडत होती.

"सगळे सभेला गेलेत," ती म्हणाली. "काय काम होतं?"

"ह्यांना जरा टेकायचंय."

बाईने खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. पांढरे खुंट, ओघळलेला ओठ. तिच्यामागे भिंतीवर त्याचेच चार चेहरे बोट उगारून उभे होते.

"दमलेत बिचारे," असं म्हणून तिने एक गठ्ठा पायाने सरकवून जागा केली. "कुणाचे कोण?"

"इथलेच," नर्स म्हणाली.

बाबांनी नाक वर करून हुंगलं आणि ते काहीतरी पुटपुटले.

"काय हवंय त्यांना?"

"खळीचा वास येतोय म्हणतात."

"येणारच. सकाळपासून बादल्या भरभरून पोस्टरं चिकटवतायत."

बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. दोन वर्षांत तिने ते पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांची मान हळूच कलली आणि ते झोपले, गोळीशिवाय, तोंड उघडं टाकून, बापाच्या घरात झोपावं तसे.

मैदानावरून कर्ण्याचा आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता. पुतण्या बोलत होता. "बाबांची आज्ञा आहे... ज्याला ती ऐकू येत नाही, तो आपला नाही..." त्यावर उठलेल्या गजराने तावदानं थरथरली. बाबांच्या पापण्या हलल्या.

"ह्या सभावाल्यांना काही कळतं का," बाई पुटपुटली. "म्हातारं माणूस झोपलंय."

झाडू बाजूला ठेवून ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.