उजवं पान

शहराच्या सदर भागातल्या शाळेच्या गेटवरच दीक्षानं आईला बजावलं, "आत काही बोलू नकोस. मुली हसतात तुझ्या वऱ्हाडीला." माया लेकीमागून आत गेली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

साऱ्या मुला-पालकांसमोर मॅडमनी गोष्टीचं नवं पुस्तक उघडलं. डावं पान इंग्रजी, उजवं वऱ्हाडी. इंग्रजी त्यांनी झरझर वाचलं आणि मग उजवीकडे वळल्या, "काहून रडून राहिली वं खारूताई?"

वर्ग खिदळला. मायानं मान खाली घातली.

"पुढं, मॅडम, पुढं!" पोरं ओरडली.

"मी सोलापूरची, माझी जीभ नाही वळत. तुमच्यापैकी कोण वाचतं?"

घरी हेच बोलणारे आईबाप एकमेकांची तोंडं बघू लागले.

दीक्षा ताडकन उभी राहिली.

"मॅडम, माह्या आईले द्या! तिच्यावानी कोणालेच येत नाही."