विसाव्या दिवसाचा पुलाव

समरकंदमध्ये मेलेल्याला कोणी वाईट म्हणत नाही. माझा बाप गेल्याच्या विसाव्या दिवशी, मयताच्या जेवणाला, त्याच्याबद्दल कोणी काहीच म्हणेना. गल्लीभर भांडलेला माणूस. पाहुणे पुलाव गिळत होते. “भात उतरतो, शब्दच अडकतो होय?” चुलते करवादले. एवढ्यात एक जर्मन पर्यटक बाई दारात आली. भाषांतराला शेजारचे तुर्सुन मास्तर उठले. आमच्या फाटकासारखाच निळा रंग स्वतःच्या फाटकाला दिला म्हणून बापाने त्यांच्याशी वीस वर्षं अबोला धरलेला. “गेल्या वर्षी हिची आई गल्लीत उन्हाने कोसळली. निळ्या फाटकातल्या म्हाताऱ्याने तिला अंगणातल्या तुतीखाली निजवून वारा घातला. ही त्याचे आभार मानायला आलीय.” मास्तर माझ्याकडे बोट करून म्हणाले, “याचाच बाप. सोन्यासारखा माणूस!” पाहुण्यांनाही एकेक गुण आठवू लागले. मी मास्तरांना मांसाचा मोठा तुकडा वाढला. गल्लीत तुतीचं झाड एकट्या मास्तरांच्याच अंगणात आहे.