ठिपक्याचं वजन

"वाच की गं लवकर!" जोतीराम ओरडले. ठिपक्याला दोन्ही हातांवर घेऊन ते घरच्या वजनकाट्यावर उभे होते, आणि कुत्र्याच्या पोटाआड त्यांना आकडा दिसत नव्हता. धोंडुबाईंनी वाकून पाहिलं.

"चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या.

परत चौऱ्याऐंशी! दहावा सोमवार. मधे पाव-अर्धा किलो इकडंतिकडं व्हायचं, पण गाडी फिरून तिथंच. जोतीरामांचं वजन बहात्तर, म्हणजे ठिपक्या बाराच्या बाराच. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं भट्टीचा माल तोलला होता. ट्रॉलीसकट तोलायचं, रिकामी ट्रॉली वजा करायची. निवृत्तीच्या तपासणीतही ते बहात्तर भरले होते. वीस वर्षं तोच आकडा, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

निवृत्तीच्याच आठवड्यात फाउंड्रीच्या गेटवर हे कुत्रं त्यांच्या पायात आलं. नुसता हाडांचा सापळा. जनावरांच्या डॉक्टर क्रांतींनी बारा किलो वजन लिहून घेतलं, जंताचं औषध दिलं आणि बजावलं, "दहा आठवडे नीट खायला घाला, काका. तरी वजन हललं नाही, तर आत काहीतरी मोठं दुखणं आहे असं समजायचं." तेव्हापासून जोतीरामांच्या जिवाला घोर लागला. रिकामपणात हा एकच सोबती मिळाला होता, आणि तोही हातचा जातो की काय!

आधी दूधभात झाला. त्यानं पोट बिघडलं, तेव्हा दूध बंद. मग उकडलेली अंडी, मग बिनमिठाची कोंबडी न् भात. शाहूपुरीतल्या दुकानदारानं पिल्लांचं कोरडं खाणं दिलं, त्यात ताकद जास्त म्हणे. दोन वेळांचं चार वेळा केलं. आकडा ढिम्म. जोतीरामांना बसून चैन पडेना, झोपून डोळा लागेना. ताटावर बसले तरी लक्ष कुत्र्याच्या थाळीत. स्वतःच्या वाटचं मटणसुद्धा पाण्यानं धुऊन त्याच्यापुढं ठेवायचे आणि भूक नाही म्हणत उठायचे.

"अवो, भरलंय की ते चांगलं," धोंडुबाई म्हणायच्या. "बरगड्या तरी दिसत्यात का आता? तुमी दोन घास खावा आधी."

"डोळ्याला काय कळतंय? काट्यावर दिसाय नगं?"

आज तर ठिपक्याला खाली ठेवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. वय झालं, असं मनाशी म्हणत त्यांनी रिक्षा बोलावली. वाटेत रिक्षावाला काहीबाही बोलत होता, त्यातलं अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही. डॉक्टर कुठल्या आजाराचं नाव घेणार, याचीच धास्ती होती.

दवाखान्यात क्रांतींनी ठिपक्याला एकट्यालाच काट्यावर उभं केलं आणि त्या खूश झाल्या. "सतरा! पाच किलो चढलाय की गडी. झकास काम केलंत, काका."

"काटा बिघडलाय तुमचा," जोतीराम तडकले. "सकाळीच बघितलंय मी. आमी दोघं मिळून चौऱ्याऐंशी. पहिल्या दिवसापास्नं चौऱ्याऐंशी!"

क्रांतींचं हसू मावळलं. त्यांनी पहिल्यांदाच कुत्र्यावरची नजर काढून माणसाकडं नीट पाहिलं.

"आणि त्यात तुमचं किती धरता?"

"बहात्तर."

"कधीचं?"

"निवृत्तीच्या तपासणीतलं," जोतीराम म्हणाले. मग बोटांवर मोजू लागले. चौऱ्याऐंशीतून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःऐवजी ठिपक्याला वजा केलं. उरले सदुसष्ट.